वाढ आणि सूज

११ जून ९७, उधना (सुरत)
शाळा सुरू. जिना चढताना टाक्यांची जागा अजून ओढते. स्टाफरूममध्ये सगळ्यांचं एकच पालुपद, 'बाई, एका किडनीवर कसं हो होणार?' होईल बरं, तुम्ही आपलं बघा. (तोंडावर नाही बोलले.) दिलीप ठीक. फेब्रु.पासून माझी डावी किडनी त्याच्या पोटात आहे आणि पठ्ठ्या म्हणतो, परत कापड विणायला लूमवर जातो. धाकटा भाऊ, ऐकतोय कुठे!

२४ जून
नववीला पेशी. उदाहरण म्हणून स्वतःलाच उभं केलं. एक किडनी गेली की दुसरीवर काम पडतं, तिच्या पेशींना निरोप जातात, वाढा. पुरेसं झालं की त्या थांबतातही. ते थांबणं कसं कळतं, शास्त्रज्ञ अजून शोधताहेत.
पहिल्या बाकावरची रेखा : 'बाई, मग नवीनच का नाही उगवत?'
नाही उगवत गं. तेवढं नाही जमत.

१८ जुलै
दिलीपला ताप, लघवी कमी, पाय सुजलेत. त्याची बायको मंगल रडत शाळेत आली. घरी जाऊन बघते तर महिन्याभराच्या गोळ्यांचा डबा जसाच्या तसा! दवाखान्यात दहादा बजावलं होतं, शरीर परकी किडनी टिकू देत नाही, गोळ्या जन्मभर. ओरडले, खूप ओरडले. तो शांतपणे, 'ताई, ती तुनी शे. मना आंगमा परकी कशी व्हई?'
तुझी आहे, परकी कशी, म्हणे! सख्ख्या बहिणीच्या किडनीवर गोळ्या म्हणजे त्याला माझा अपमान वाटायचा. अरे मेल्या, पेशींना बहीणभाऊ कळत नाही रे.

२० जुलै
दोघांची सोनोग्राफी. आधी मी. डॉक्टर खूश, 'बेन, तमारी तो सरस मोटी थई छे.' उरलेली एकटी छान मोठी झालीये म्हणे. मग दिलीप. त्याच्या पोटातली माझी, तीही मोठी दिसत होती. मला वेडीला वाटलं, जगली! डॉक्टरांनी पुन्हा नीट बघितलं. मग म्हणाले, ही वाढ नाही, सूज आहे.
बाहेर बाकावर बसून रडले. दोघी माझ्याच. एक वाढली, आणि दुसरी...

९ ऑगस्ट
इंजेक्शनांचा उपयोग नाही. किडनी गेली. आता डायलिसिस. दिलीप माझ्या नजरेला नजर देत नाही. राग आलाय मला, खोटं कशाला लिहू? भाकरी थापताना परात आपटते. आणि मग त्याचे सुजलेले पाय आठवले की हलक्या हाताने थापते.

५ ऑक्टो.
मंगल म्हणते, माझी घ्या. रक्तगट जुळतो, बाकी तपासण्या करायच्या. दिलीपचं एकच, 'आते कोनीच नको.' डॉक्टर म्हणाले, फार थांबू नका. मंगल मलाच धरून बसलीये, 'ताई, तुमचंच ऐकतील.' माझं ऐकलं असतं तर ही वेळ आली असती का?

१ नोव्हें., भाऊबीज
दिलीप आला, मंगलच्या खांद्याचा आधार घेत. पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओवाळलं. त्याने खिशात हात घातला. म्हटलं, राहू दे, यंदा मी मागीन ते द्यायचं. मंगलच्या तपासणीला हो म्हण. आणि गोळ्या रोज माझ्यासमोर.
तो खाली बघत राहिला. मंगल दारात उभी.
ओवाळणी घातल्याशिवाय भाऊ पाटावरून उठत नाही. तो उठला नाही. हो पण म्हणाला नाही. हात भरून आले तरी मी ताट खाली ठेवलं नाही.