साडेआठचं माप

१० जुलै. आषाढ पौर्णिमा.
आलं: पर्जन्यमापकाची नवी नळी, पोस्टाने, १८० रु. (जुनी मांजराने पाडली.) विहारासाठी मेणबत्त्या ४०. खिरीला दूध ६०. बाबांच्या पाठीला लावायची पावडर ९५, महागच.
उपोसथ, पौर्णिमेचं व्रत. आजपासून वर्षावास, भन्तेजी आता तीन महिने इथेच. म्हणाले, मोठ्या माणसाने सांगितलं, पुस्तकात आलं, सगळे म्हणतात, एवढ्यावर काही मानू नका. स्वतः तपासा. मनात म्हटलं, इतकी वर्षं गच्चीवर तेच तर करते. रोज स. ८.३०, वंदना झाली की. मधे डोकावायचं नाही.
आज ४ मिमी.

१४ जुलै.
मिलिंद आला हिंजवडीहून. चप्पल काढायच्या आधी मोबाईल पुढे.
"आई, लाल इशारा आहे. उद्या अतिवृष्टी."
"मागच्या लाल इशाऱ्याला शाळा बंद होत्या. मी पापड वाळवले."
म्हणे एवढ्यावर नाही, हवामानच बदलतंय, पुढे पाऊस असाच अंगावर येणार, ओढा घरात शिरणार. बाबांना पावसाळाभर माझ्याकडे आणा. पाचवा मजला, लिफ्ट.
बाबांचा (सासऱ्यांचा) खुबा मोडला तेव्हापासून ते मागच्या खोलीत खाटेवर. खिडकीखाली ओढा. हलवायचं तर चार माणसं आणि स्ट्रेचर, तेही कोरड्यात. पाणी आल्यावर नाही जमायचं. हे मात्र मि.चं बरोबर.
पण मी वह्या काढल्या. सालवार पाऊस दाखवला. कमीजास्त होतो, चढत गेलेलं काही नाही.
"तू वर्षाची बेरीज दाखवतेस, आई."
"मग काय, वजाबाकी दाखवू?"
हे पेपराआडून हसले. मि. न जेवता गेला. दोन भाकरी उरल्या.

१५ जुलै.
लाल इशाऱ्याचा दिवस. कडक ऊन. गोधड्या वाळल्या. मि.ला फोन केला नाही, उगाच डिवचल्यासारखं होईल.
निरंक.

१९ जुलै.
वर्ध्याहून दादांचं पत्र. थोरले दीर. कानाने पार गेलेत, फोन बाळगतच नाहीत. शिवाय बाबा जन्मभर पोस्टमन, या घरात महत्त्वाचं ते पत्रानेच. लिहितात, मिलिंदचं म्हणणं शेजाऱ्याच्या फोनवरून कळलं, पण पावसाचं सुमनला जास्त कळतं. ती म्हणेल तर बाबांना हलवा, नको म्हणेल तर राहू द्या.
बाबांना वाचून दाखवलं. खूश. "मला काय ढगात नेऊन ठेवता? इथे पाण्याचा आवाज तरी येतो." मग म्हणाले, "पूर्वी तार नेली की लोक फोडायच्या आधी रडायचे. आता तुमच्या मोबाईलवर रोज तार. कोण रडतंय?"
ह्यांना विचारलं. "तू सांगशील तसं." म्हणजे झालं. सगळ्यांनी टाकलं माझ्यावर.
नको म्हटलं. हलवायचं नाही. दादांना तसं कळवलं.
रात्री भाजी चिरताना तेच डोक्यात. खाट, खिडकी, ओढा.

२ ऑगस्ट.
दुपारभर कोरडं, पंख्याखाली बसूनही घाम. संध्याकाळी भात लावला आणि एकदम अंधारलं. कपडे काढायला गच्चीवर धावले. पाऊस कसला, पिंप उपडं केल्यासारखं. जिन्याच्या दारात उभी राहिले. खालून कुकरच्या शिट्ट्या, आणि समोर नळी डोळ्यांदेखत भरत चाललेली. मधे डोकावायचं नाही म्हणते, आज नजर हलेना.
खाली आले तर ओढा मागच्या अंगणातला धुण्याचा दगड गिळून पेरूच्या झाडाशी. बादली गेली. बाबा खाटेवरून, "सुमन, आवाज बदललाय." हे त्यांच्या उशाशी उभे, हातात उशी, ती कशाला धरली होती त्यांनाही ठाऊक नाही.
मग थांबला. भात ताटात पडेपर्यंत पाणी उतरलं. आतून चिखलाचा वास गेला नाही अजून.

३ ऑगस्ट.
स. ८.३० : ६१ मिमी.
मागच्या वह्या चाळल्या. असे आकडे पूर्वीही आहेत. ५८, ६३. पण ते आठवतात मला, रात्रभर लागलेल्या झडीचे. कपड्यांना बुरशी यायची, ओढ्याला काही व्हायचं नाही. कालचा सगळा पाऊस भात शिजेतो पडून गेला. वहीत दोन्ही सारखेच दिसतात. मि. बेरीज बेरीज म्हणत होता ते हे.
त्याला इतक्यात सांगणार नाही. एका संध्याकाळवरून पुढच्या पन्नास वर्षांचं सांगणाऱ्यांत मला जायचं नाही. शिवाय वरच्या अंगाला ओढ्यात भराव टाकून गाड्या लावायला जागा केलीय. सगळीकडे सिमेंट, पाणी मुरेल कुठे? दोष ढगाचा की माणसांचा?
पण बाबांच्या खाटेला ते कळून काय उपयोग.

५ ऑगस्ट.
आता तासातासाला गच्चीवर. हे म्हणतात, "वेधशाळा दोन पाळ्यांत चालणार वाटतं." हसू आलं नाही.
विहारात भन्तेजींना सांगितलं, तपासत होते पण दिवसातून एकदाच. ते म्हणाले, "मग तपासणं अजून संपलेलं नाही, उपासिका."
बाबांना पेज भरवताना नेहमीसारखं विचारलं त्यांनी, किती झाला? सांगितलं, तीन. "एवढाच? मग उगाच कशाला घाबरतेस?" मी घाबरलेय असं मी कुठे म्हटलं होतं.

८ ऑगस्ट.
खडकवासल्यातून पाणी सोडलं. नदी फुगली की ओढ्याला बाहेर पडायला वाट नाही, आमच्याकडे तुंबतो. दुपारपासून धुण्याच्या दगडावर पाणी, उतरत नाही. पाऊस किरकोळच.
मि.चा फोन. "हो की नाही, आई?"
"हो."
मि. घाईने, "काय झालं?"
"काही नाही. उद्या माणसं आण."
'मी म्हणत होतो ना' असं म्हणाला नाही. गुणाचं पोर.
पण बाबा नाही म्हणतात. "परवा नको, आज हो. तुझं माप काय म्हणतं?"
"माप पडून गेलेल्या पावसाचं असतं, बाबा. येणाऱ्याचं नाही."
खिडकीकडे बघून मान हलवली. वाटलं पटलं. मग म्हणाले, "थोरल्याने लिहिलं होतं राहू द्या. आता जा म्हणून त्यानेच लिहावं. त्याच्या हातचं, पोस्टाने आलेलं."
मि.ला पुन्हा फोन केला. तो म्हणाला दादाकाकांच्या शेजाऱ्याकडून फोटो मागवतो पाच मिनिटांत. बाबांना सांगितलं. "फोटो? मी जन्मभर काय फोटो वाटले?"

९ ऑगस्ट. श्रावण पौर्णिमा.
मि. आणि तीन मित्र आले, स्ट्रेचर घेऊन. बाबांनी खाटेची पट्टी दोन्ही हातांनी धरली. पोस्टमनचे हात, बोटं सुटेनात. मि. रडवेला. "आजोबा, सोडा ना." नाही. जबरदस्ती ह्यांच्याने होईना, माझ्याने तर नाहीच. पोरं चहा पिऊन गेली. मि. स्ट्रेचर इथेच ठेवून गेला, भिंतीला टेकवून.
हे म्हणतात, पाणी उंबऱ्याला लागलं की विचारणार नाही, उचलायचं. पण तेव्हा चौघे आणायचे कुठून?
खाटेच्या पायांखाली विटा लावल्या. मेणबत्ती लावली, वंदना म्हटली, मन काही लागलं नाही. पाणी दगड आणि पेरू यांच्या मधे. आकाश बंद डब्यासारखं.
दादांना लिहिलं, हे आत्ता स्पीड पोस्टाने टाकायला निघालेत. इथे उतरवून ठेवते.

आ. दादा, सप्रेम जयभीम.
मागे तुम्ही माझ्या शब्दावर ठेवलंत आणि मी नको कळवलं. आता हलवा म्हणते. पुढच्या वर्षांचं काय होणार ते मिलिंद सांगतो, मला ते अजून पटलेलं नाही आणि खोडताही येत नाही. मला एवढंच दिसतं की पाणी खिडकीखाली आहे आणि बाबांना उठता येत नाही. ते आमचं कोणाचं ऐकत नाहीत, तुमच्या पत्राची वाट बघतायत. आज दुपारी पोस्टमनच्या वेळेला दाराकडे मान वळवून होते. बाकी काही लिहू नका, पावसाचं तर मुळीच नको. 'बाबा, मिलिंदकडे जा' एवढंच, तुमच्या हाताने, मोठ्या अक्षरात. चष्मा लावूनही त्यांना बारीक दिसत नाही. पत्र मिळताच, त्याच दिवशी, उलट टपाली पाठवा.