कार्मिनेला बाहेर काढायच्या आधी

नापोली, ४ मार्च

प्रिय सावेरिओ,

कसा आहेस? गुडघा काय म्हणतो? बंदरावरचा वारा हाडात शिरतो म्हणतोस, मग मी विणून पाठवलेली लोकरीची पट्टी बांधतोस की खुंटीला टांगून ठेवली आहेस? तुझ्या ओर्नेल्लाचा रक्तदाब उतरला का? तिला सांग, मीठ कमी म्हणजे खारवलेले मासेही कमी, नुसतं डाळीतलं नाही. लेकीचं, बेआत्रिचेचं, कितव्या महिन्यात आलं? पोटातलं पोर लाथा मारत असेल तर मारू दे, आपल्या घराण्याचंच आहे. माझं म्हणशील तर दोन दात गेले, जीभ आहे तेवढीच आहे.

पण पाय एका जागी ठरत नाहीत बघ. घासलेली भांडी पुन्हा घासते. कॉफी चुलीवर ठेवते आणि जिन्यात जाऊन उभी राहते. कारण तुला ठाऊक असेलच, कार्मिनेला पुरून दोन वर्षं झाली, आता आपल्या रीतीप्रमाणे बाहेर काढायचं. येत्या अठरा तारखेला, सकाळी नऊ वाजता, कार्मिनेला मातीतून काढणार आहेत. हाडं स्वच्छ करून चादरीत बांधायची आणि तुमच्या आईच्या शेजारी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायची. चादर मी काढून ठेवली आहे, माझ्या लग्नातली, कडेला वेल भरलेली. शेजारची तितिना म्हणाली, “अगं बाई, तुला काय त्याच्याशी पुन्हा लग्न लावायचंय?” हसले मी. पण लगेच तीच म्हणाली, “हाडं नीट सुटी निघाली म्हणजे मिळवलं. जीव कशात अडकला असला की माणूस मातीत विरत नाही, पुन्हा पुरावा लागतो.” तिच्या सासऱ्याचं तसं झालं होतं. तेव्हापासून माझं हे असं चाललं आहे.

काल मनाशी म्हटलं, फिलोमेना, तुला त्याला बघायची भीती वाटते ना, मग आधी दगडाचा मेलेला बघून ये. म्हणून मागच्या गल्लीतल्या त्या राजपुत्राच्या चॅपेलमध्ये गेले, जिथे परदेशी लोक रांगा लावतात. चाळीस वर्षं इथे राहून मी आत पाऊल टाकलं नव्हतं. कार्मिनेला कितीदा म्हटलं होतं, घेऊन चल. तो म्हणायचा, “सहा दिवस संगमरवर घासतो, सातव्या दिवशी त्याला भेटायला जाऊ होय?” दारावर तिकिटं देणारे म्हातारे एउजेनिओ बसले होते. “काय फिलोमेना, वाट चुकलीस?” म्हणाले आणि तिकीट घेऊच देईनात. “कार्मिनेची बायको तू. तुझ्याकडून तिकीट घेतलं तर तो स्वप्नात येऊन मला पॉलिश कागदाने घासेल.”

आत भिंतीभर पुतळे, सगळे वळवळते, एकाला स्वस्थ उभं राहायला सांगितलेलं नाही. एक तर जाळ्यातून सुटायची धडपड करतोय, आणि जाळ्याची गाठ न् गाठ दगडाची. मधोमध क्रुसावरून उतरवलेले प्रभू निजलेले, अंगावर झिरझिरीत चादर, तीही दगडाचीच. मला वाटलं होतं, चादर आहे म्हणजे झाकलेलं असेल, बघवेल. कसलं काय रे! कपाळावरची शीर दिसते, नाकपुडी दिसते, हातांवरच्या खिळ्यांच्या जखमा दिसतात. उघडा असता तर इतका दिसला नसता. मागून एउजेनिओ सांगत होते, “राजपुत्राने कसलंसं औषध शिंपडून खऱ्या कापडाचा दगड केला, माझी आजी शपथेवर सांगायची.” कार्मिने असता तर म्हणाला असता, छिन्नी धरता न येणाऱ्यांच्या गप्पा! बाकावर बसले, उठले, पुन्हा बसले. एउजेनिओंनी पाणी आणून दिलं. “घरी कुणी आहे का तुझ्या?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दीर आहे. आणि तशीच बाहेर पडले, घरी येऊन वहीचं पान फाडलं, पण लिहायला बसले ती आज.

तू आमच्या घरात मला पहिल्यांदा ‘वहिनी’ म्हणालास तेव्हा नऊ वर्षांचा होतास. तुझे केस मी विंचरले आहेत. म्हणून हे मीच सांगायला हवं. इस्पितळात शेवटचे तीन दिवस कार्मिने एकच बोलत होता, “सावेरिओला बोलाव.” दुकानावरून झालेलं तुमचं भांडण, तू जिनोआला निघून गेलास ते, काही काही उरलं नव्हतं त्याच्या मनात. मी म्हणत राहिले, उद्या बोलावते. आठ महिने त्याचं हगणंमुतणं मी काढलं, आणि आता हा येऊन रडून मोठा होणार, असं माझ्या मनात आलं. वाटलं, अजून आठवडा काढेल. नाही काढला. तुला फोन केला तो त्याला पुरून आल्यावर, आणि लोकांना सांगितलं, आधीच कळवलं होतं. तू आलास तेव्हा स्मशानाच्या दाराशी तुमची मावशी सगळ्यांसमोर म्हणाली, “सख्ख्या भावाच्या मातीला यायला गाडी चुकली का रे तुझी?” तू माझ्याकडे एकदा पाहिलंस आणि मान खाली घातलीस. तेव्हाही मी गप्प राहिले. दोन वर्षं तुझ्या नावाने बोललं जातं आणि मी मान डोलावते. आज सकाळी तितिनाला खरं सांगितलं. मावशीला रविवारी, चर्चमधून निघताना, चारचौघांत सांगणार आहे. तू माफ कर म्हणून नाही लिहीत. पण आपल्याकडे माणसाला दुसऱ्यांदाही पोहोचवतात, म्हणून सांगते, या वेळी तू ये. चादरीचं एक टोक तू धर, एक मी धरते. तो कसाही निघो. आणि यायचं नसलं, तर तेही लिही, शिव्या घालून लिही, पण अठराच्या आत लिही. मी जिन्यात उभीच आहे, पोस्टमनची वाट बघत.

तुझीच,
फिलोमेना वहिनी