तलावाची तुटक रेघ

७ एप्रिल, सोमवार
शनिवारी सकाळी पूजा आटोपून लवकरच दुकान उघडलं. मणिरामभाऊ पायरीवर येऊन बसलेलेच होते. आंधळगावपलीकडच्या त्यांच्या मासेमारी सोसायटीच्या तलावाचा नकाशा प्लॉटरवरून, म्हणजे नकाशे काढायच्या मोठ्या मशीनवरून, आदल्या दिवशीच काढून ठेवला होता. गुंडाळला, वर जुनं वर्तमानपत्र लावलं, दिला. उलगडून पाहिला नाही. संगणकावर बरोबर दिसत होता, तेवढ्यावर विश्वास.

आज ते परत आले. गुंडाळी टेबलावर आपटली असती तर बरं. हळूच ठेवली.

"भाऊ, तुमच्या मशीननं आमचा तलाव खाल्ला. माशायसकट."

पाहिलं. बाहेरची रेघ भरल्या तलावाची. ती अखंड हवी, तशी आहे. आतली रेघ उन्हाळ्यात पाणी उतरतं तिथली. ती तुटक हवी. कागदावर तीही अखंड. काल रामनवमीचा प्रसाद झाल्यावर तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बैठक बसली. उघड्या पडलेल्या गाळात पेरणारे शेतकरी म्हणाले, आतली रेघ हीच तलावाची हद्द, तुमच्याच नकाशात आहे. मधली सगळी जमीन आमची.

मणिरामभाऊ त्यांना म्हणाले म्हणे, "पाणी उतरलं म्हून तलाव लहान झाला का बे? तुहं पोट खपाटीले गेलं त तू अर्धा माणूस होतं का?" सगळे हसले. पण कागद त्यांच्या बाजूनं.

१ मेच्या ग्रामसभेत नकाशा ठेवायचा आहे. तोवर दुसरा द्या म्हणाले. देतो म्हटलं.

९ एप्रिल, बुधवार
तीनदा काढून पाहिला. संगणकावर तुटक, कागदावर अखंड. रस्त्यांच्या तुटक रेघा मात्र ठीक उतरतात. शाई बदलून पाहिली, कागद बदलला. मशीनचा दोष नाही.

दोष असेल तर ड्रायव्हरमध्ये, संगणकाचं म्हणणं मशीनला सांगणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. म्हणजे विलासच्या लिखाणात.

इथवर लिहून थांबलो.

१० एप्रिल, गुरुवार
हा प्लॉटर नागपूरहून जुना आणला तेव्हा नव्या संगणकाशी त्याचं जमेना. कंपनीनं हात वर केले होते. धाकट्या भावानं, विलासनं, स्वतः ड्रायव्हर लिहिला. मी शेजारी स्टुलावर. "दादा, यंत्र म्हंजे बैल. त्याच्या भाषेत हाक मारली की चालते." गेल्या दिवाळीआधी तापात गेला तो. फाइल तशीच आहे. तिच्यावर तारीख त्याची आहे, त्यानं शेवटचं सेव्ह केलं त्या दुपारची.

त्याची बायको संध्या दर शनिवारी दुकानात येते. त्याचं टेबल पुसते, संगणक लावते, फोल्डर उघडते. फाइल उघडत नाही. नाव आणि तारीख पाहते, बंद करते. मी तेवढ्यात चहा सांगायच्या निमित्तानं बाहेर जातो.

आजपासून पुढं त्याला वि. लिहीन, संध्याला सं. पूर्ण नावं लिहवत नाहीत.

१२ एप्रिल, शनिवार. हनुमान जयंती
पहाटे देवळात. दुपारी फाइल नुसती वाचायला उघडली. वाचल्यानं तारीख बदलत नाही, हे आधी दुसऱ्या फाइलवर करून पाहिलं.

तुटक रेघेचं फंक्शन सापडलं. त्याला तीन गोष्टी सांगायच्या: रेघ किती काढायची, किती सोडायची, सुरुवात कुठून. बाकी ते पाहून घेतं. वाचता वाचता वि.चा आवाज येत होता.

कारण कळलं. यंत्राला वळण माहीत नाही. वळण म्हणजे छोटे छोटे सरळ तुकडे. फंक्शन दर तुकड्याला नव्यानं सुरुवात करतं, आधी रेघ, मग खंड. रस्त्याचे तुकडे लांब, म्हणून खंडाची पाळी येते. तलावाची कड आम्ही चालून मोजली होती. मणिरामभाऊ चिखलात पुढे, मी मोजणीचं यंत्र धरून मागे, पावलापावलाला बिंदू. तुकडे इतके बारीक की रेघ पुरी व्हायच्या आत तुकडा संपतो. पुढचा पुन्हा रेघेनंच सुरू. खंड कधी येतच नाही.

मागच्या तुकड्यात किती काढून झालं ते लक्षात ठेवून पुढं न्यायचं, एवढंच पाहिजे. थोड्याशा ओळी. पण मग फाइल सेव्ह करावी लागेल, तिच्यावर तारीख आजची पडेल.

सं. आली होती. तिला दिसायच्या आत फाइल बंद केली होती.

१५ एप्रिल
नागपूरच्या ओळखीच्या, संगणकाचं काम करणाऱ्या पोराला फोन. "काका, आधी कॉपी ठेवा न जी, मंग बिनधास्त बदला." कॉपी ठेवता येते, मलाही कळतं. पण कॉपी म्हणजे भिंतीवरचा फोटो. ही फाइल चालते. प्लॉटर घरघरतो तेव्हा वि.च काम करून राहिला असं वाटतं. हे त्या पोराला काय सांगणार.

नकाशा नागपूरला छापून आणू का, हाही विचार. आणता येईल. मग पुढचा? त्याच्या पुढचा?

१९ एप्रिल, शनिवार
आज सं.ला सांगितलं. टेबल पुसून झालं होतं तिचं.

"त्याच्या ड्रायव्हरमधे थोडं बदलावं लागते."

फडकं घडी करत राहिली. मग म्हणाली, "नका लावू हात, दादा. माह्यापाशी त्याईचं दुसरं काय हाये? कपडे वाटून टाकले तुमीच. मोबाईल बंद पडला. हे एक चालते."

कपडे वाटायचे असतात म्हणून वाटले होते. तिला तेव्हा विचारलं नव्हतं.

बरं म्हटलं.

२२ एप्रिल
मणिरामभाऊ बाजाराला आले तसे दुकानात डोकावले. नकाशा झाला का विचारलं नाही. पिशवीत मरळ होते, एक मला काढून दिला. मी सोमवार-गुरुवार धरतो, आज खातो, हे त्यांच्या लक्षात आहे. "पाण्यात माशायचं बीज सोडाची वेळ येऊन राह्यली. पण सोडावं कुठं? गाळात टमाटर लावून कुंपन केलं त्याईनं." गेले.

मासा घरी शिजला. मी वरणभातावर भागवलं.

२४ एप्रिल, गुरुवार
कॉपीवर करून पाहिलं. मूळ फाइलला हात नाही; प्लॉटर एका वेळी एकच फाइल चालवतो, म्हणून तिला तेवढ्यापुरतं बाजूला ठेवलं, कायमचं ठेवलं तर वि.ची बंदच पडेल. चुकत चुकत जमलं. रद्दी कागदावर तलावाची आतली रेघ तुटक उतरली, पूर्ण वळणभर. उभा राहून पाहत राहिलो.

मग सहज एका शेताची तुटक हद्द काढली. तिथं एक गोष्ट दिसली. शेताच्या कोपऱ्यावर नेमका खंड आला. कोपराच नाही. दोन रेघा एकमेकींकडे येतात आणि भेटतच नाहीत. बांधाचा कोपरा गेला म्हणजे भांडणाला बोलावणं.

म्हणून वि.नं दर तुकड्याला नव्यानं सुरुवात ठेवली होती. म्हणजे कोपऱ्यावर शाई हटकून येणार. आमचे नकाशे तेव्हा सगळे शेतांचे होते. तो चुकला नव्हता. त्यानं हे कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

दोन्ही जमेल असंही करता येत असणार. रात्री उशिरापर्यंत डोकं लावलं. मला जमत नाही.

२६ एप्रिल, शनिवार
सं.ला कोपऱ्याचं सांगितलं. तिला बरं वाटेल असं वाटलं होतं.

"म्हंजे त्याईचं बरोबरच होतं?"

"बरोबरच होतं."

"मंग खोडता काहून?"

तलावाचं सांगितलं. मणिरामभाऊंच्या टोलीत, मासेमारांच्या त्या वस्तीत, कितीक घरं त्या पाण्यावर आहेत, ते सांगितलं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तुमचं दुकान हाये, दादा." फोल्डर न उघडताच गेली.

असं ती आधी कधी बोलली नव्हती.

२८ एप्रिल, सोमवार
महादेवाच्या देवळात बराच वेळ बसलो. मागितलं काही नाही. काय मागावं तेच ठरेना.

परवा अक्षय तृतीया. पितरांच्या नावानं घागर भरायचा दिवस. वि.ची पहिलीच.

३० एप्रिल, अक्षय तृतीया
सकाळी घागर. सं.नं नवं मडकं भरलं, वर आंबा ठेवला. पत्रावळीवर वडे, आमरस. मी वि.च्या नावानं पाणी सोडलं. बापाच्या नावानं सोडायची सवय आहे. धाकट्याच्या नावानं सोडायचं म्हणजे…

जेवणाला थांबलो नाही. दुकानात आलो, मूळ फाइल उघडली. वि.च्या ओळी काढल्या, माझ्या घातल्या. सेव्ह करताना डोळे मिटले होते. उघडले तेव्हा झालेलं होतं.

मणिरामभाऊ आले तेव्हा शाई ओली होती. आतल्या रेघेवरून, जरा वरूनच, बोट फिरवत गेले सगळा तलाव. "हां. आता उतरलं पानी."

"सभेत ऐकतील का?"

"ऐकतील त ठीक. नाही त भांडू. पोटातली आग त्याईलेबी हाये, आमालेबी. पन खोटा कागद घेऊन भांडाले लाज वाटे, भाऊ."

गुंडाळी छातीशी धरून गेले. उद्या काय होईल सांगता येत नाही. पुढं शेताचा नकाशा निघाला की कोपरे मलाच हातानं शाईनं जोडावे लागतील.

घरी आलो तर सं. घागरीपाशी बसली होती. तिच्यासमोर उभा राहिलो. फाइल बदलली म्हणून सांगितलं. कपड्यांच्या वेळी एवढंही केलं नव्हतं.