दोऱ्या ओढणारे गडी

सर, काल नातीनं मला तिच्या पुस्तकातलं पेशीचं चित्र दाखवलं. आत दोऱ्यांचं जाळं आणि त्या दोऱ्या ओढणारे प्रथिनांचे इवलेसे गडी. "आजोबा, हे ओढतात म्हणून पेशी टणक राहते. थांबले की ढिली पडते." मी म्हटलं, "हे तं आमच्या सरांनी साठ-एकसष्टच्या सुमारास अमरावतीले सांगतलं होतं." ती हसली, आणि मला तो पाहुणा आठवला.

तुमच्या कॉलेजच्या संमेलनाचा मांडव म्हणजे माझं पहिलं मोठं काम. तुम्ही दोऱ्या चाचपत फिरताय. "काहून रे, बांबू तेच, कापड तेच, मंग सकाळी लोंबत होता तो मांडव आता ढोलावानी कसा?" मी म्हणतो, "आठ गडी ओढून राहिले ना जी!" तुम्ही तिथंच मातीत बसकण मारलीत. पेशीतही कोणीतरी ओढत असणार, आपल्याला दिसत नाही इतकंच, म्हणालात. भाषणात हेच दाखवायचं ठरलं. व्यासपीठावरच्या छताच्या खुंट्या काढून दोऱ्या गड्यांच्या हातात द्यायच्या. शेवटी पाहुणे खाली उतरले की तुम्ही हात वर करणार, आम्ही ढील देणार.

पाहुणे नागपूरचे, विभागप्रमुख निवडणाऱ्या समितीतले. तुमचं भाषण रंगात आलंय आणि ते प्राचार्यांच्या कानाशी हसतायत, "पेशीत गडी म्हणे! ह्यांना प्रमुख कशाला करता, मांडवाचं कंत्राट द्या." मी मागच्याच बांबूआड. तेवढ्यात तुमचा हात कपाळापर्यंत वर गेला. मी ओरडलो, "सोडा बे!" अख्खं छत पाहुण्यांच्या सुटाबुटावर. आतून आवाज, "अरे गड्यांनो, ओढा! दोऱ्या ओढा!" पोरं बाकांवर नाचली. तुम्ही छताबाहेर पुढं असलेल्या माइकवर शांतपणे म्हणालात, "पाहुण्यांनाही पटलेलं दिसतं."

प्रमुखपद गेलं. तुम्ही अकोल्याच्या कॉलेजात गेलात. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवलात, "तुई चूक नाही रे बाप्पा, माहाच हात अवेळी उठला." शेवटपर्यंत सगळ्यांना तेच सांगितलंत. वर अकोल्यातली निम्मी लग्नं माझ्या मांडवाखाली लावून दिलीत, आणि तुम्ही चूक स्वतःवर घेतलीत की मी प्रत्येक वेळी मान डोलावली.

पाहुणा कदाचित थट्टेत बोलला असेल. तेवढा विचार मी केला नाही. हे पत्र कपाटात कपड्यांच्या घड्यांखाली जाईल, नातीच्या हाती लागायला नको.

सर, तुमच्या कपाळावर माशी बसली होती. ती मला दिसली होती.