नळाखाली भिजवलेली जर्सी

मंगळवार, संध्याकाळ

रविवारच्या पानावर मी लिहिलं की सामन्यात पळून जर्सी ओली झाली. ते खोटं आहे. मी पूर्ण वेळ बाकावर होते. निघताना मैदानाजवळच्या नळाखाली जर्सी भिजवली. मागच्या खेपेला कॅप्टन सगळ्यांसमोर म्हणाली होती, "हिची बघा, इस्त्रीसुद्धा मोडली नाही!" पण भिजवली ती तिच्यासाठी नाही, बाबांसाठी. झेंडूच्या सऱ्यांमधून बॉल न्यायला त्यांनीच शिकवलं मला. ती ओली जर्सी त्यांनी स्वतः तारेवर वाळत घातली. "लय पळाली माझी पोर!"

आज सरांना विचारलं, "सर, दहा मिनिटं तरी खेळवाल का?"

"अगं, संघात आहेस ना? मग कसली कुरकुर?"

दोन वर्षं हेच उत्तर.

नाशिकरोडच्या कॉलेजातल्या मॅडम म्हणाल्यात, "ये, तुला खेळवते." तिथल्या प्रवेशाच्या अर्जावर बाबांची सही लागेल. पण त्यांना वाटतं मी प्रत्येक सामना खेळते. मग कॉलेज का सोडतेय, काय सांगू? आणखी एक थाप मारून सही घ्यायची? नाही जमणार. अर्ज पुढे ठेवण्याआधी त्यांना सगळं सांगायचं. गुरुवारी, ते फुलबाजारातून परतले की लगेच.