जपानी बैठकीवरची सुरमई

मरियम आपांना धाकट्या हारुनचा दुबईहून सलाम.

तुमचा गुडघा कसा आहे? झुबेरभाईंची साखर उतरली का, की अजून चोरून गोड चहा पितात? आम्ही तिघं खुशाल आहोत. फोनवर तुम्ही अर्धं ऐकता आणि अर्ध्यातच रागावता, म्हणून हे पत्र अक्रमच्या हाती रत्नागिरीला पाठवतोय. (त्याला जेवल्याशिवाय सोडू नका आणि आमच्याबद्दल काही विचारू नका, तो सगळं वाढवून सांगतो.)

तर इंटरनॅशनल सिटीतलं आपलं हॉटेल. गेलं वर्षभर ते कसं चाललं हे तुम्हाला माहीत आहे, म्हणजे चाललं नाही. शेवटी तुमच्या भावजयीने, सायराने मला ईदची मुदत दिली. तोवर गिऱ्हाईक जमलं तर ठीक, नाहीतर खलास, शटर ओढायचं आणि गावी येऊन झुबेरभाईंच्या बर्फाच्या कारखान्यात कारकुनी करायची. भाईंनी माझ्यासाठी जागा राखून ठेवलीय, त्यांचे उपकार मोठे आहेत. पण आपा, खोटं कशाला बोलू, त्या कारखान्याच्या नुसत्या विचाराने मला इथल्या उन्हातही हुडहुडी भरायची.

तुमची भाची इनाया इथे इंटिरियर डिझाइन शिकते. तिने आपलं हॉटेल पाहून (लहानपणापासून पाहतेय, पण या वेळी शिकलेल्या डोळ्यांनी) निकाल दिला, "बाबा, धिस इज अ वेटिंग रूम विथ फिश." म्हणे लोक इथे गिळतात आणि पळतात, त्यांना बसावंसं वाटलं पाहिजे, आणि त्याला उपाय जपानी. मग टीव्ही गेला, प्लास्टिकची फुलं गेली, माझा पापलेटचा भलामोठा फोटो गेला, टेबल-खुर्च्याही गेल्या. ड्रॅगन मार्टमधून गवताच्या चटया आल्या (जपानी नाव तातामी, पण चटईच ती). अल क्वोजच्या सुताराने वीतभर उंचीची टेबलं आणि कागद लावलेले सरकते पडदे करून दिले. कोनाड्यात एकच सुकी फांदी. तिला मी पाणी घातलं तर पोरगी माझ्यावर ओरडली. दारात चपलांचं कपाट आणि हात धुवायला बेसिन. बाहेरचा लाल दिव्यांचा बोर्डसुद्धा उतरवला. "लेस इज मोर, बाबा." मी म्हटलं, लेस तर आपलं गिऱ्हाईक आधीपासूनच आहे.

पहिल्या दिवशी जुमेरा लेक टॉवर्समधले मोठे साहेब आले, नीरव नावाचे. मोजा फाटका निघाला म्हणून बिचारे तो पाय दाबून बसले. पायाला अशा मुंग्या आल्या की उठवायला दोन वेटर लागले. दुसऱ्या दिवशी कुणीच आलं नाही. सायरा सामानाच्या बॅगा खाली काढायला लागली.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला मगरिबची अजान झाली आणि अलीमियाँ नावाचे टॅक्सीवाले दारात थबकले. आत स्वच्छ चटया, मंद दिवे, शांतता, बाहेर चपला, शेजारी पाणी. (बोर्ड असता तर वाचला असता.) त्यांनी बेसिनवर हात-तोंड धुऊन वुजू केलं, आत आले आणि मला अदबीने विचारलं, "भाई, किब्ला किधर है?"

आता आपा, अशा माणसाला "हे हॉटेल आहे" म्हणायला माझी जीभ उचलेना. मी काबेची दिशा दाखवली. त्यांच्यामागून आणखी चौघे आले. मी टेबलं भिंतीला सरकवली आणि त्यांच्या रांगेत उभा राहिलो. इनाया पडद्याआड कपाळाला हात लावून बसली होती. साईटवर काम करणारा आपला कोकणातला भिवा जेवायला आला होता, तो चपला हातात घेऊन दारातच गुपचूप थांबला. नमाज झाली आणि आतून सुरमईच्या कालवणाचा वास आला. अलीमियाँ म्हणाले, "सुबहानल्ला! इमाम साहब के घर क्या पका है?"

मी म्हटलं, "यल्ला, बैठो."

सगळे बसले. भिवाही मांडी घालून अलीमियाँच्या शेजारी बसला. त्याने आपल्या ताटातली गाबोळी त्यांना वाढली, त्यांनी त्याच्या मुलांची चौकशी केली. जेवण संपलं तरी कुणी उठेना. खुर्च्या होत्या तेव्हा मी हे कधी पाहिलं नव्हतं, आणि मला फार आनंद झाला. दुसऱ्या दिवशी ते दोस्तांना घेऊन आले, दोस्त त्यांच्या दोस्तांना. आता संध्याकाळी चपला कपाटात मावत नाहीत. इनाया म्हणते, एक्झॅक्टली माय कॉन्सेप्ट. सायरा सोलकढी दुप्पट करायला लागलीय.

भाईंना सलाम, मुलांना दुवा.

तुमचा हारुन

ता. क. जपानात खरंच असं असतं का, ठाऊक नाही. तिकडे राहून आलेले एकजण म्हणाले, अजिबात नसतं. पण दोनदा भात मागून जेवले.

ता. क. दोन. पत्राचं खरं कारण हे की भाईंना सांगा, ती जागा दुसऱ्या कुणा गरजूला द्या. तुम्हीच सांगा, मला त्यांच्यापुढे बोलायला जमत नाही.

ता. क. तीन. पण ईद होऊन जाऊ दे, मग सांगा.

आपा, मी सायरा. ह्यांचा तिसरा ता. क. मी खोडलाय, तो वाचू नका. बॅगा मी पुन्हा वर ठेवल्या. भाईंना आजच सांगा. मागे एक दार उघडं आहे असं कळलं की ह्यांचं तव्याकडे लक्ष राहत नाही.