प्रस्थानाचं गाठोडं

२१ डिसेंबर १९२७, बुधवार. जानेफळ

मेहकरहून दयेचा अर्ज लिहून आणला. बांधाच्या भांडणात चुलतभाऊ पुंजाजी मेला, त्याबद्दल इंद्रभानदादाला फाशी. तारीख २९. वकील म्हणाले, "मास्तर, शुक्रवारी पाचच्या आत नागपूरच्या कचेरीत पोचवा. मग नाताळची सुट्टी."

आबा म्हणाले, "उद्यापासून चौदस, मंग अमावस्या, तेही शनिवारची. पोराच्या जिवासाठी निघाचं अन् असं निघाचं? आज मुहूर्त हाय, पस्तान ठेवू." गाठोडं शेजारी भगवानरावांच्या घरी नेऊन ठेवलं. म्हणजे प्रवास सुरू झाला म्हणे — माणसं मागून निघाली तरी चालतं! अर्जही त्यातच.

आबांपुढे बोलायची सोय नाही. शुक्रवारचं मी बोललो नाही.

२३ डिसेंबर

शाळेत मुलांना गणितं घातली. एकही तपासलं नाही. पाच वाजले.

२५ डिसेंबर

निघालो. खामगावपर्यंत मोटार, पुढे रेल्वे.

२६ डिसेंबर. नागपूर

राजधानी! किल्ल्याची टेकडी, खाली हे एवढं मैदान — आमचं अर्धं शिवार मावेल. एका दगडाशी थांबलो. इथून गावांची अंतरं मोजतात म्हणे. आबांनी विचारलं, "आपलं जानेफळ हाय का बे त्याच्यावर?" नाही म्हणालो.

कचेरी लांबच लांब, दगडी. दारं बंद. आबांनी वहाणा काढल्या, पायरीला हात लावून कपाळाला लावला. देऊळच समजले! चौकीदार म्हणाला, "बड़े दिन की छुट्टी है, बाबा. दो तारीख को आओ."

"दोनले तं उशीर होईन ना गा," आबा त्याला समजावून सांगत होते. मग माझ्याकडे वळले. "तुले ठाऊक नोतं काय?"

नव्हतं म्हणालो.

दिवसभर मैदानाच्या कडेला बसलो. मोटारी, बग्ग्या, नटलेल्या मडमा. आबांच्या मांडीवर गाठोडं. त्यात दादासाठी नवं धोतर आहे, सुटून येताना नेसायला. सुट्टीतही साहेबाच्या बंगल्यावर अर्ज नेता येतो, तार करता येते. मला माहीत आहे. उद्या पाहू म्हणालो.

२७ डिसेंबर

आज अंगात कणकण. कुठे गेलो नाही.

२८ डिसेंबर

इथल्याच तुरुंगात दादाची दहा मिनिटं भेट. आबा गजांना धरून रडले. "म्या अमावस्या पाळली. म्याच मारलं तुले, पोरा." दादा म्हणाला, "तुमचं काई चुकलं नाही, आबा." मग माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. "शाळा सोडू नोको. तुह्या वहिनीले सांभाळ."

मला त्याच्याकडे पाहवेना.

२९ डिसेंबर

सकाळी संपलं. नवं धोतर त्याच्यावरच पांघरलं.

पुंजाजीच्या डोक्यात दगड मी घातला होता. पोलीस आले तेव्हा दादा पुढे झाला. अर्ज वेळेत पोचता, तर चौकशी पुन्हा निघाली असती.

आबा अमावस्येला बोल लावतात. मी लावू देतो.